साक्षीला हजर राहावे

यवतच्या वाचनालयात युवा विभाग आहे, हे यवतमधल्या युवांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या एका संस्थेनं पैसे दिले, वाचनालयानं मागची खोली दिली, खोलीला निळा रंग लागला, बसायला गाद्या आल्या, कपाटांत कोरी करकरीत पुस्तकं आली, आणि हे सगळं सांभाळायला ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली शॅरन आली. ती शिरूरची, तिथल्या मिशन कंपाउंडात वाढलेली. सकाळी एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं यवत गाठायचं आणि संध्याकाळी तीच वाट उलटी तुडवायची. नेमणूक एका वर्षाची होती आणि वर्ष सरत आलं होतं.

पोरं वाचनालयात यायचीच नाहीत असं नव्हतं. पुढच्या अभ्यासिकेत ती सकाळपासून ठाण मांडून बसायची. कुणाची पोलीस भरती, कुणाची तलाठी भरती. प्रश्नसंच घरून आणायचे, पंख्याखालची जागा धरायची, मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि मान खाली घालायची. कपाटांकडे त्यांची पाठ असायची ती दिवे लागेपर्यंत. शॅरननं हरतऱ्हेनं प्रयत्न केले. बुकमार्कची स्पर्धा घेतली, कथाकथन ठेवलं, लेखकाला बोलावलं, तर लेखक हडपसरच्या गर्दीत अडकून तिथूनच माघारी गेला. फोटो मात्र प्रत्येक कार्यक्रमाचे निघाले. संस्थेला अहवालासोबत फोटो लागत, आणि फोटोपुरती अभ्यासिकेतली पोरं गाद्यांवर येऊन बसत.

वाचनालयाचे अध्यक्ष शंकरराव माणूस वाईट नव्हते, पण रिकामी खोली त्यांना बघवत नसे. "पोरं जिन्यात बसून अभ्यास करत्यात, आन् हितं गाद्या आराम करत्यात," ते म्हणायचे. त्यांना त्या खोलीचीही अभ्यासिका करायची होती. आणि अभ्यासिकेला ग्रंथपाल कशाला हवा? कुलूप उघडायला म्हस्कू शिपाई होताच. शंकररावांचं बोलणं बिनबुडाचं असतं तर शॅरननं ते मनावर घेतलं नसतं. ते खरं होतं, म्हणून झोंबायचं.

शेवटी असं ठरलं, की संस्थेच्या मोनिका मॅडमनी शनिवारी येऊन एक कार्यक्रम बघायचा आणि विभाग ठेवायचा की मोडायचा ते तिथंच सांगायचं. विभाग मोडला की शॅरनची नोकरीही मोडणार. घरी तिच्या पपांनी, सॅम्युएल यांनी, आधीच पाणी ओळखून बांध घालून ठेवला होता. ते रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला होते. साहेबांशी बोलून त्यांनी तिच्यासाठी ऑफिसात जागा बघितली होती. शनिवारनंतरच्या सोमवारी हो किंवा नाही सांगायचं होतं. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये," एवढंच ते म्हणाले, पण रोज म्हणाले.

शॅरनला वाचनालयातलीच नोकरी हवी होती. का हवी, ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण कंपनीच्या गेटवर कार्ड लावून आत जाणारी स्वतःची आकृती डोळ्यांपुढं आली की तिला रडू यायचं.

कार्यक्रमाची कल्पना तिला रविवारी चर्चमध्ये सुचली. गाणी झाली, आणि पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग एकेक जण उठला. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगितलं. कुणाचं दुखणं बरं झालं होतं, कुणाची हरवलेली म्हैस सापडली होती. शॅरनची आई कृपाबाई उठली की बाकीचे सावरून बसत, कारण तिची साक्ष लवकर संपत नसे. ऐकता ऐकता शॅरनच्या मनात आलं, पोरांनी पुस्तकाबद्दल असंच उभं राहून का सांगू नये? परीक्षण नको, सारांश नको. या पुस्तकानं माझं काय केलं, एवढंच.

सोमवारी तिनं चिठ्ठी तयार केली. व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला पोरं अंगठा दाखवून मोकळी होतात, हा अनुभव असल्यानं तिनं ती छापून काढली: 'येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयात पुस्तकांबाबत साक्ष होणार आहे. आपण पुस्तक नेले असल्याने स्वतः हजर राहावे.' वाचनालयाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर गोल शिक्का पाहिजे, हा शंकररावांचा दंडक. म्हस्कूनं शिक्के मारले. पुस्तक नेलेल्यांच्या घरी जाऊन त्यानं चिठ्ठ्या वाटल्या, आणि आपल्या कामात खोट नको म्हणून प्रत्येकाकडून पोच म्हणून सही घेतली. ज्यांना सही येत नव्हती अशा म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले.

'ध'चा 'मा' झाला की अनर्थ होतो, असं म्हणतात. इथं तेवढ्याचीही गरज पडली नाही. अक्षर न अक्षर बरोबर होतं; फक्त शिरूरच्या चर्चमध्ये साक्ष म्हणजे एक आणि यवत-कासुर्डीच्या शिवारात साक्ष म्हणजे दुसरंच. तिथं साक्ष बांधावरून होते, वाटेवरून होते, डोक्यात दगड घातल्यावरून होते, आणि ती दौंडच्या कोर्टात होते.

दोन दिवसांत बातमी पिकली. वाचनालयातली पुस्तकं चोरीला गेली, केस झाली, आणि ज्यानं ज्यानं पुस्तक नेलं त्याला साक्षीला बोलावलंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळतं. शुक्रवारी संध्याकाळी शॅरन निघाली तेव्हा वाचनालयाच्या पायरीवर पुस्तकांची थप्पी लागलेली होती. त्यांत तिच्या जन्माआधी वाचनालयातून गेलेली पुस्तकंही होती. तिला वाटलं, चिठ्ठीनं लोकांना वाचनाची आठवण झाली. तिला मनापासून आनंद झाला.

शनिवारी खोली भरली. मोनिका मॅडम आल्या तेव्हा गाद्यांवर पोरंपोरी होती, त्यांच्या मागं आया, बाप, मामे भिंतीला टेकून उभे होते, आणि सगळ्यांनी चपला बाहेर ओळीनं काढल्या होत्या. कपडे इस्त्रीचे, तोंडं उतरलेली. "एवढे पालक?" मोनिका मॅडम चकित झाल्या. "शॅरन, हे तर कुठंच होत नाही." शॅरनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शंकररावांनीही गर्दी बघून मिशीला हात लावला आणि खुर्ची ओढून घेतली.

"तर आज आपण साक्ष द्यायचीय," शॅरननं हसून सुरुवात केली. "कोण पहिलं उठेल?"

मल्हार उठला. पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे हायवेच्या कडेनं धावणारा उंच पोरगा. त्याची पाचावर धारण बसली होती. त्याची आई सगुणाबाई त्याच्या मागं उभी राहिली आणि त्याच्याआधी तीच बोलली.

"मॅडम, माझ्या पोराचं नाव ह्यातनं काढा. भरतीला चारित्र्य पडताळणी असती. केसमधी नाव आलं तर सगळं पळणं वाया जाईल त्याचं."

"केस? कसली केस?" शॅरनला काहीच उमजेना.

"मी पुस्तक नेलं, हे खरं हाय," मल्हार घाईघाईनं म्हणाला. "पण मी ते उघडलं न्हाई, मॅडम. देवाशपथ सांगतो. तुम्ही फोटो काढला, हातात दिलं, म्हणून नेलं. जसं नेलं तसं ठेवलंय. पान बी हललं न्हाई."

"आमच्या पोरीनं बी न्हाई उघडलं," मागून एक बाप म्हणाला. मग सगळ्यांनाच धीर आला. एकामागून एक हात वर झाले आणि आपण पुस्तक वाचलं नाही याच्या शपथा सुरू झाल्या. मोनिका मॅडमचं पेन वहीवर थांबलं. शॅरनला कुठं बघावं ते कळेना. वर्षभर अहवालात जे झाकलं होतं ते आता माणसं हात वर करकरून सांगत होती.

शंकररावांना आणखी एक शंका आली. "शॅरनबाई, साक्ष तुमच्या चर्चमधी देत्यात ना? माझ्या ऐकण्यात हाय. तसलं काय हितं करायचं नसतं."

"शब्द तिथलाच आहे," शॅरन म्हणाली. "पण मला देवाचं नाही, पुस्तकाचं ऐकायचं होतं. वाचून काय वाटलं ते. केसबिस काही नाही. चिठ्ठी लिहिताना चुकलं माझं."

खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. माणसं निघायच्या बेतात होती, तेवढ्यात भिंतीजवळून कुणीतरी खाकरलं. कासुर्डीचे रखमाजी आबा. नातीला, प्रगतीला, घेऊन आले होते. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती आहे. पण मेंढरं होती तेव्हा ती कुणाच्या ना कुणाच्या उभ्या पिकात शिरायची, आणि आबांची एक ना एक साक्ष कोर्टात असायचीच. वकिलांशी ओळख, कोर्टातल्या पट्टेवाल्याशी ओळख. कोर्ट सुटल्यापासून त्यांना करमत नव्हतं, असं घरचे म्हणत.

"थांबा वाईच," आबा म्हणाले. "साक्षीला बोलावलंय तर एक तरी साक्ष व्हावी. रिकामं परत जायचं म्हंजी एसटीचं भाडं वाया. प्रगे, तू वाचलंस न्हवं ते पुस्तक?"

प्रगती बारावीत होती. तिनं मान हलवली. सगळ्यांनी नकार दिला तेव्हा तिचा हात वर गेला नव्हता, हे शॅरनच्या आत्ता लक्षात आलं.

"मग हितं ये. समोर उभी ऱ्हा. खरं सांगायचं, खोटं बोलायचं न्हाई. काय हाय पुस्तकात?"

"एका मुलीची गोष्ट हाय. तिचे वडील ट्रक चालवत्यात. ती चोरून गाडी शिकती. एकदा वडील आजारी पडत्यात आन् ती एकटीच माल घेऊन निघती."

"ती निघाली तवा टरकमधी कोन होतं?"

"कुणी न्हाई. एकटीच."

"कुणी न्हवतं, मग तुला कसं कळलं?"

"पुस्तकात लिहिलंय, आबा."

"म्हंजी ऐकीव," आबांनी हात झटकला. "ऐकीव साक्ष चालत न्हाई. डोळ्यानं बघितलंय तेवढंच बोल."

माणसं हसली. जे निघाले होते ते परत टेकले. प्रगतीचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही.

"न्हाई, आबा. मी बघितलंय. मी तिच्या शेजारच्या सीटवर बसले होते. घाटात गाडी चढंना, तिनं गिअर बदलला, तवा तिचा हात कापत होता. ते मला दिसलं. माझा बी कापत होता."

खोलीतलं हसू थांबलं. आबांनी नातीकडे निरखून पाहिलं. "मग ही डोळ्यानं बघितलेली साक्ष," ते म्हणाले. "धरायला हरकत न्हाई. आता सांग, बापाला न सांगता गाडी शिकली ते चूक का बरोबर?"

"चूक. पण तिला काय येतंय ते तिच्या वडलांनी कधी इचारलंच न्हाई."

"न्हाई इचारलं?"

"कुणीच इचारत न्हाई, आबा."

आबा शॅरनकडे वळले. "हे पुस्तक पोरीला कुणी दिलं?"

"मी दिलं."

"या आता तुम्ही. तुम्ही बी होता का त्या टरकमधी?"

शॅरन पुढं आली. "युवा वाचकांना आत्मविश्वास देणारी कादंबरी म्हणून," असं काहीतरी तिच्या तोंडात तयार होतं. अहवालात तिनं नेमकं तेच लिहिलं होतं. ती 'हो' म्हणाली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आबांना नाही, शंकररावांना नाही. मोनिका मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. पण जिथं प्रगतीनं एवढं खरं सांगितलं तिथं उभं राहून खोटं बोलणं शॅरनच्यानं होईना. साक्ष द्यायची तर खरी, नाहीतर गप बसून राहायचं, असंच तिला घरी शिकवलेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नव्हते त्या ट्रकमध्ये. मी पाठीमागचा मजकूर वाचून ते दिलं. आधी वाचायचे, पहिले काही महिने. मग स्पर्धा, फोटो, अहवाल, पुढचा कार्यक्रम, त्याचा अहवाल. या कपाटातली बहुतेक पुस्तकं मी वाचलेली नाहीत. दाखल केली, नंबर घातले, मांडली."

"घ्या," शंकरराव मोनिका मॅडमना म्हणाले. "ग्रंथपालच वाचत न्हाई, तर पोरं काय डोंबल वाचणार? ह्यापेक्षा अभ्यासिका बरी, तिथं निदान माना तरी खाली असत्यात."

ते खोटं नव्हतं आणि शॅरननं ते खोडलं नाही. आपली नोकरी गेली, हे तिला त्या क्षणी पक्कं समजलं. गंमत म्हणजे तिला रडू आलं नाही. तिला त्या मुलीचं पुढं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं.

"प्रगती," तिनं विचारलं, "ती पोचते का? माल घेऊन?"

प्रगतीनं तोंड उघडलं, तसा आबांनी हात आडवा घातला.

"मॅडम, साक्षीदार फोडायचा न्हाई. तुम्ही वाचा आन् पुढच्या तारखेला तुमची साक्ष द्या. पोरगी उलटतपासणी घेईल. काय गं?"

"घेईन की," प्रगती म्हणाली. तिनं पिशवीतून पुस्तक काढून शॅरनच्या हातात ठेवलं.

"मॅडम, तुमचं झालं की मला," मल्हार पुढं होत म्हणाला. आईनं त्याच्याकडे बघितलं तसा तो पुटपुटला, "केस न्हाई म्हणाल्या ना त्या." घाट कुठला होता, हे तो प्रगतीला विचारायला लागला. दिवे घाट की बोरघाट, यावरून गाद्यांवर दोन तट पडले. प्रगती कुणालाच काही सांगेना. अहवालासाठी फोटो काढायची आठवण कुणालाही झाली नाही.

मोनिका मॅडम बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या शॅरनच्या जवळ येऊन हळू बोलल्या. "एरवी मी बघते ते कार्यक्रम छान होतात. सगळे पाठ करून आलेले असतात. मी आज तुमचं पद कायम करा असं लिहू शकत नाही, आणि बंद करा असंही लिहवत नाही. काय लिहू?"

आबा कान देऊन ऐकत होते.

"लिवा की," ते म्हणाले, "खटला चालू हाय."

"आणि माझी खोली?" शंकरराव म्हणाले. "अभ्यासिकेचं काय?"

"अध्यक्ष, तुम्हाला कुणी सांगायचं?" आबा शांतपणे म्हणाले. "तुमचा हायवेकडंचा प्लॉट किती वरसं कोर्टात हाय? चालू खटल्याच्या जागेला हात लावता येतो का? खुंटी तरी ठोकता येती का?"

सगळी खोली शंकररावांकडे बघायला लागली. त्या प्लॉटपायी त्यांनी दौंडच्या कोर्टात जोडे झिजवले होते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. ते काही तरी बोलणार होते, पण त्यांनाच हसू फुटलं. "न्हाई येत," ते म्हणाले. "येत असतं तर मी हितं कशाला बसलो असतो?"

मोनिका मॅडमनी सहा महिन्यांची मुदतवाढ लिहिली. पगार तोच, पुढची हमी नाही. माणसं चपला शोधत बाहेर पडली. म्हस्कूनं सवयीनं पुढच्या शनिवारच्या चिठ्ठ्यांसाठी कोऱ्या कागदांवर शिक्का मारायला घेतला, तो शॅरननं त्याच्या हातातून काढून घेतला.

पपांना सोमवारपर्यंत ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं. तिनं चौफुल्याच्या स्टँडवरून फोन लावला.

"पपा, रांजणगावच्या साहेबांना नाही म्हणून सांगा."

"कायम केलं?"

"नाही. सहा महिने वाढवलेत."

"पगार?"

"तोच."

पलीकडे सॅम्युएलनी सुस्कारा सोडला. त्यांना राग लवकर येत नसे, काळजी मात्र लगेच वाटे. "मग थांबतेस कशासाठी, बाळा? काही कारण तरी सांग, मी साहेबांना काय सांगू?"

"एक पुस्तक वाचायचंय, पपा. शनिवारच्या आत. आणि मग बाकीची."

सॅम्युएल अगदी साधेपणानं, खरंच कळावं म्हणून विचारल्यासारखं म्हणाले, "वाचनालयातच होतीस ना गं वर्षभर? मग काय करत होतीस?"